पास आहे, बस नाही

समोरून ट्रॅक्टर आला आणि रस्ता भरून गेला. दोन्ही बाजूंना दगडी बांध, बांधांवर काटेरी झुडपांची पिवळी फुलं, मध्ये डांबराची एक पट्टी आणि त्या पट्टीच्याही मधोमध उगवलेलं गवत. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या या वाटांना रस्ता म्हणायचं ते केवळ नकाशात तसं लिहिलंय म्हणून. गिरिजानं गाडी थांबवली, डावा हात वडिलांच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली आणि गाडी मागं घ्यायला लागली.

"अगं, त्याला घेऊ दे की मागं," पद्माकरराव दारावरची मूठ धरून म्हणाले.

"त्याच्या मागं ट्रेलर आहे, बाबा. आणि तुम्ही श्वास घ्या."

वळण आलं, चढ आला, पुन्हा वळण आलं. पाण्यात मासोळी फिरावी तशी गाडी उलटी सरकत गेली आणि एका शेताच्या फाटकापाशी अलगद विसावली. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. इथला रामराम तो. गिरिजानंही एक बोट उचललं.

मागच्या सीटवर शेजारची नोरा बसली होती. सत्तरी ओलांडलेली, एकटी, कोंबड्या पाळणारी. तिला लशीच्या दुसऱ्या डोससाठी कासलबारला न्यायचं होतं. तिचं इंग्रजी पद्माकररावांना पहिले सहा महिने अजिबात कळलं नव्हतं. आता कळायचं, अगदी स्वप्नातसुद्धा.

"पद्माकर," ती म्हणाली, "तुमच्या या मुलीला सांगितलं ना, तर अशीच मागंमागं जात वेस्टपोर्टला नेऊन सोडेल. ग्रँड ड्रायव्हर आहे."

पद्माकरराव हसले. मुलीचं कौतुक कुणाला नको असतं. पण गाडी चांगली चालवणं म्हणजे भाजी चांगली चिरण्यासारखं, असं त्यांना वाटलं आणि ते विसरून गेले.

ते आले होते तीन महिन्यांसाठी. जानेवारीत आले, दोन हजार वीसच्या. पत्नीच्या, शोभनाताईंच्या, माघारी घर खायला उठायचं म्हणून लेकीनं आग्रहानं बोलावलं होतं. मार्चमध्ये विमानं थांबली. मग एक उन्हाळा गेला, एक हिवाळा गेला, आणि आता दुसरा मे उजाडला होता. रविवारी थोरल्या भावाचा, बाळासाहेबांचा, फोन यायचा. "येऊ नकोस पद्मा, इथं काही खरं नाही," एवढंच ते म्हणायचे आणि मग गावातली गेलेली माणसं सांगायचे.

लस टोचल्यावर नोराला थोडा वेळ आतच बसवून ठेवणार होते. बाप-लेक गाडीत थांबले. काचेवर बारीक पाऊस पडत होता. पडत होता म्हणण्यापेक्षा हवेत उभा होता.

"बाबा, गुरुवारी अकरा वाजता माझा एक कॉल आहे," गिरिजा म्हणाली. "इथं मोठ्या माणसांसाठी करिअर मार्गदर्शन असतं. सरकारी आहे, फुकट. मोरीन म्हणून बाई आहे."

मार्गदर्शन हा शब्द ऐकून पद्माकरराव ताठ बसले. गर्दीत कुणी आपल्या नावानं हाक मारावी तसं झालं त्यांना.

"अरे वा. मग मी बसतो ना शेजारी. काय विचारायचं, काय नाही—"

"तेच सांगतेय. त्या वेळी तुम्ही घरात नको."

पद्माकररावांनी रुमाल काढून काच आतून पुसली. मग नोरा आली, दंडावर हात ठेवून, स्वतःच्या शौर्याच्या गोष्टी सांगत.

*

पद्माकररावांचं अख्खं आयुष्य या एका शब्दात गेलं होतं. जिल्ह्याच्या गावी, ट्रेझरीच्या मागं, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. बाहेर पाटी: व्यवसाय मार्गदर्शन केंद्र. ती वाचून लोक यायचे आणि म्हणायचे, "सायेब, नोकरी द्या."

"नोकरी देत नाही हो आम्ही. वाट सांगतो."

"वाट आमाला ठावी हाय. एष्टी कुटनं सुटंल ते सांगा."

तरी ते वाट सांगत राहिले. त्यांची एक पद्धत होती. पोराला समोर बसवून 'तुला काय व्हायचंय' असं ते कधी विचारायचे नाहीत. बापाला सांगायचे, येत्या बाजारी याला घेऊन या, आणि याचा हात धरू नका. मग स्वतः मागं मागं चालायचे. पोरगं कुठं रेंगाळतं ते बघायचे. कुणी लोहाराच्या भात्यापाशी थबकायचं, कुणी भांडण सोडवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहायचं, कुणी घड्याळवाल्याच्या टेबलावर नाक टेकवायचं. तोंड खोटं बोलतं, आईबाप खोटं बोलायला लावतात. पायाला खोटं बोलता येत नाही, असं ते म्हणायचे. शोभनाताई हसायच्या. त्यांच्या माहेरची एक ओवी होती, पोळ्या लाटताना त्या म्हणायच्या:

लेक निघाली दूर गं, तिला सांगाती कोणाचा
पाऊल तिचं सांगे, रस्ता तिच्या मनाचा

"बघा," म्हणायच्या, "तुमचं शास्त्र आमच्या जात्याला आधीच ठाऊक होतं."

वरून मोठे साहेब यायचे, तपासणीला. पहिला प्रश्न ठरलेला: किती जणांना नोकऱ्या लागल्या? पद्माकरराव समजावून सांगायचे. साहेब, रस्ता, पाणी, दवाखाना यांच्या रांगेत हे चौथं आहे. माणूस चुकीच्या कामात आयुष्यभर कुजतो, ते कुठल्या साथीच्या रोगापेक्षा कमी नाही. साहेब चहा प्यायचे आणि घड्याळ बघायचे. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पुलाचं उद्घाटन करता येतं, टाकीचं करता येतं. चुकीच्या वाटेला न गेलेल्या पोराचं उद्घाटन कसं करणार? फीत कुठं बांधणार? पद्माकरराव निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. पाटी उतरवली. त्या खोल्यांत पुढं निवडणुकीच्या पेट्या ठेवायला लागले.

आणि आता सात समुद्रांपलीकडं, या पावसाळी मुलखात, तेच काम सरकार फोनवरून करत होतं, आणि त्यांच्याच लेकीला त्यांना म्हणावंसं वाटत होतं, तुम्ही घरात नको.

*

बुधवारी संध्याकाळी पद्माकररावांना राहवलं नाही. गिरिजा पोळ्या करत होती. जावई सलील औषधांच्या कारखान्यातून नुकताच आला होता. नात इरावती टेबलाखाली कोंबडीचं चित्र काढत होती.

"डबा कुठं गं पोळ्यांचा?"

"इट्स इन द प्रेस, आजोबा," टेबलाखालून उत्तर आलं. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. पद्माकररावांनी डबा काढला, पुढ्यात ठेवला आणि हलकेच सुरुवात केली.

"मी काय म्हणतो गिरू, त्या बाईला सरळ सांग, रसायनशास्त्रात एम. एस्सी. आहे म्हणावं. मध्ये खंड पडला. इथं आल्यावर किती वर्षं तुला कामाचा परवानाच नव्हता, मग इरा झाली, मग मिळालं ते हॉटेलचं रिसेप्शन. आणि आता महामारीत हॉटेलनं निम्मी माणसं घरी बसवली. यात तुझी काय चूक? एखादा प्रयोगशाळेचा छोटा कोर्स केलास की सलीलच्या कारखान्यात क्वालिटीला—"

"बाबा, मला बस चालवायचीय."

पद्माकरराव हसले. सलील हसला नाही, तेव्हा ते थांबले.

"कसली बस?"

"बस. माणसांची. गावागावांतून जाते ती. ट्रेनिंग देतात, सरकारच देतं, पण जागा थोड्या असतात. उद्या मोरीनशी तेच बोलायचंय. ती शिफारस करते की नाही, त्यावर आहे."

तव्यावरची पोळी फुगली. कुणी उलटली नाही.

"एवढं शिकवलं," पद्माकरराव म्हणाले, "ते याच्यासाठी?"

बोलले आणि स्वतःच दचकले. हे वाक्य त्यांचं नव्हतं. त्या व्हरांड्यात, धोतराचा सोगा हातात धरून, फेटा मांडीवर ठेवून, किती बापांनी हे वाक्य त्यांच्यापुढं टाकलं होतं. येवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी व्हय, सायेब? आणि त्यांच्याकडं उत्तर असायचं, तयार, घासूनपुसून ठेवलेलं: शिकवलं ते पोराला डोळे यावेत म्हणून, आता त्याला दिसतंय, तर तुम्ही डोळे मिटायला सांगताय. बापांना ते पटायचं. काही तर पाया पडायचे. ते उत्तर आत्ता त्यांना अक्षरन् अक्षर आठवलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. घशाशी दुखत होतं ते दुखतच राहिलं. एवढी वर्षं त्या बापांना नेमकं कुठं दुखत होतं, ते त्यांना आज पहिल्यांदा समजलं.

"बाबा, मी पण आधी हेच म्हणालो होतो," सलील म्हणाला. "दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

"चार दिवस," गिरिजा म्हणाली. "तुला दोनच कळले."

"बाळासाहेबाला काय सांगू मी?" पद्माकरराव पुटपुटले.

"काकांना सांगू नका. ते मला अजून पीएच.डी. करतेय असं समजतात, तुम्हीच सांगून ठेवलंय." गिरिजाचा आवाज मऊ झाला. "बाबा, हॉटेलात दहा तास उभी राहून हसायचे मी. घरी आले की गाल दुखायचे. पण जाताना-येताना गाडी चालवायचे ना, तेव्हा मी मी असायचे. आता या लशीच्या फेऱ्यांत गाडीत कुणीतरी असतं, त्याला कुठंतरी पोचायचं असतं, आणि ते माझ्यावर असतं. मला तेवढंच पाहिजे. उद्या मी नीट बोलेन. फक्त तुम्ही समोर असलात की मला तुमचं तोंड दिसतं. आत्ता दिसतंय तसं."

पोळी करपली होती. पद्माकररावांनी ती स्वतःच्या ताटात घेतली.

*

गुरुवारी अकराला ते कोट घालून बाहेर पडले. लांब जावं म्हणून निघाले आणि नोराच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंतच पोचले. तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. त्यांनी मुद्दाम खिडकीकडं पाठ केली.

आठवण आपोआप आली. आजोळी जायची एसटी, लाल, धुरळ्यानं माखलेली. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं ते तापलेलं झाकण, आणि त्याच्या कडेला उकिडवी बसलेली परकर-पोलक्यातली गिरू. 'अगं चटका बसेल, मागं ये,' शोभना म्हणायची. पोरगी हलायची नाही. ड्रायव्हर गियर टाकायचा, तेव्हा तिचाही हात मांडीवर हलायचा. हलायचा का खरंच? पद्माकरराव या धंद्यात मुरलेले होते. आज जे हवं असतं ते माणसाला बालपणात हमखास सापडतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पोरगी कदाचित नुसती वारा खायला बसत असेल. त्यांनी ती आठवण तशीच ठेवली, खरी-खोटी न करता.

"आज तोंड लांब का?" भिंतीपलीकडून नोरानं विचारलं. हातात अंड्यांची टोपली. गेल्या वर्षी ठरवून घेतलेलं अंतर राखून उभी होती. आता त्याची सवयच झाली होती.

"गिरिजाचा कॉल चालू आहे," ते त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. कोर्सचा कॉल, नोकरीचा कॉल, काहीही म्हणता आलं असतं. पण पाठीमागं खिडकी होती आणि समोर ही परकी म्हातारी, जिला एम. एस्सी. माहीत नव्हतं, बाळासाहेब माहीत नव्हते. परक्या माणसापुढं मन कसं सैल होतं, हेही त्यांना माहीत होतंच. त्याच्याच जोरावर तर त्यांनी पगार घेतला होता. "तिला बस ड्रायव्हर व्हायचंय."

बोलले आणि वाट बघत राहिले. नोराच्या भुवया वर गेल्या.

"व्हिच रूट?"

"काय?"

"कुठल्या रूटवर? आपल्या क्रॉसवरून जाईल का?" क्रॉस म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, अर्ध्या मैलावर. "आधीचा तो पोरगा, पोरगा कसला, साठीचा होता, तो थांबला काम करायचा, तेव्हापासून बस फक्त शुक्रवारी. कुणी मिळतच नाही म्हणे चालवायला. मला पास आहे बघा," तिनं खिशावर थाप मारली, "सरकारनं दिलाय, फुकट प्रवास, सगळ्या देशात कुठंही. पास आहे, बस नाही. बहिणीच्या कबरीवर गेले नाही मी ख्रिसमसपासून. तिला विचारा, क्रॉसपाशी थांबा असेल का. आणि सकाळची लवकरची नको, मला कोंबड्या सोडायच्या असतात."

पद्माकरराव तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी आजवर त्या व्हरांड्यात हजार तऱ्हेनं समजावलं होतं, की कामाला वरचं-खालचं काही नसतं. आकृत्या काढल्या होत्या, दाखले दिले होते. 'सकाळची लवकरची नको' हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

मागं खिडकी उघडली.

"बाबा, आत येता का? मोरीनला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही काय करत होता ते मी सांगितलं तिला."

ते आत गेले, कोट काढून खुर्चीवर बसले. लॅपटॉपवर करड्या केसांची एक बाई होती. मागच्या भिंतीवर मुलांची चित्रं. तीही स्वयंपाकघरातच बसली होती.

"म्हणजे तुम्ही आमच्यातलेच," मोरीन म्हणाली. "किती माणसं होती तुमच्या हाताखाली?"

"मी आणि एक शिपाई. आणि एक जिल्हा."

ती मनापासून हसली. मग म्हणाली, इथंही वरून आधी आकडा विचारतात, किती जण कामाला लागले. सध्या सरकार लोकांची मतं मागवतंय, पुढच्या वर्षांत या कामाला किती महत्त्व द्यायचं म्हणून. त्यांनीही एक मत द्यावं, पाहुणे असले म्हणून काय झालं. पद्माकररावांनी तिला फितीची गोष्ट सांगितली, अडखळत, तोडक्या इंग्रजीत. तिनं कागद ओढला आणि ते लिहून घेतलं. एवढी वर्षं ते वाक्य त्यांच्याकडं होतं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते लिहून घेत होतं.

"आणि गिरिजाचं?" मोरीननं विचारलं. "मी तिचं नाव पुढं पाठवते आहे. घरच्यांना विचारायचा नियम नाही, मी आपली विचारतेय. तुम्हाला काय वाटतं, बसबद्दल?"

गिरिजा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता, पण हातात भांडं नव्हतं.

पद्माकररावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"माझा एक प्रश्न आहे," ते म्हणाले. "माझा म्हणजे, आमच्या शेजारणीचा. ती बस क्रॉसपाशी थांबेल का?"

नळ बंद झाला. गिरिजा वळली नाही. नुसते तिचे खांदे खाली आले, डोक्यावरची घागर उतरवल्यावर येतात तसे.

*

रविवारी बाळासाहेबांचा फोन आला. गेलेल्या माणसांची नावं सांगून झाली. मग "गिरूचं काय चाललंय?" पद्माकररावांनी सांगितलं. पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"पीएच.डी.चं काय मग?"

"ते नव्हतंच, दादा."

"बरं," बाळासाहेब म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मोठी असते का रे तिकडची बस?"

"मोठी असते."

सप्टेंबरात विमानाचं तिकीट मिळालं. घरभर बॅगा पसरल्या. जायच्या आधीच्या रविवारी सलीलबरोबर ते कासलबारला गेले, सलील दुकानात शिरला आणि पद्माकरराव पाय मोकळे करायला निघाले. गावाबाहेर गुरांच्या बाजाराचं आवार आहे, रविवारी रिकामं असतं. गिरिजाला ट्रेनिंगमध्ये जागा मिळाली होती, आणि तिथंच ती बस फिरवायला शिकवतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. आपण येऊ असं त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा.

लोखंडी कुंपणाच्या ओळी, शेणाचा ओला वास. त्या मोकळ्या फरशीवर एक पांढरी बस हळूहळू वळत होती, पुढच्या काचेवर शिकाऊ ड्रायव्हरचा तो लाल एल. एवढं मोठं धूड, आणि आत स्टिअरिंगमागं केस घट्ट बांधलेली एक लहानशी बाई. शेजारी उभा असलेला माणूस हातानं काहीतरी सांगत होता. बस मागं आली, थांबली, पुन्हा मागं आली. चुकली. पुन्हा पुढं जाऊन पुन्हा मागं आली आणि दोन खांबांच्या मध्ये नीट शिरली. पद्माकरराव कुंपणाला धरून उभे राहिले. त्यांना शोभनाची फार आठवण झाली. शेजारी असती तर म्हणाली असती, अहो, तो दांडा सोडा, हात गंजेल.

मग बस फाटकाकडं निघाली. ते कडेला सरकले. ती इतक्या जवळून गेली, की टायरची ऊब पायाला लागली. त्यांचा हात आपोआप उंच झाला. गिरिजा वर, काचेमागं, हाताच्या अंतरावर होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिची नजर बाजूच्या आरशात होती, मागच्या चाकावर, जिथं असायला हवी तिथं.

त्यांनी हात खाली घेतला. बसचा दिवा लुकलुकला, रस्त्यावरच्या एका गाडीनं थांबून तिला वाट दिली, आणि ती वळून निघून गेली. दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. एक गियर, मग वरचा गियर. पद्माकरराव टोपी हातात घेऊन तो आवाज विरेपर्यंत तिथंच उभे राहिले.